काठीच्या टोकापलीकडे : दृष्टिबाधितांच्या अंगावरची वाटाड्या उपकरणे

बडोद्याच्या पश्चिम भागात, गोरवा आणि रेसकोर्सच्या शेजारी सुभानपुरा आहे. एकमेकींना चिकटलेल्या सोसायट्या, हाय टेन्शन रोडवरची दुकाने, संध्याकाळी लागणाऱ्या खाण्याच्या लाऱ्या आणि जागा मिळेल तिथे उभ्या केलेल्या दुचाक्या, असा हा वर्दळीचा भाग. इथल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकातून सिटी बसच्या थांब्यापर्यंत जायला डोळस माणसाला फारसा विचार करावा लागत नाही. दृष्टी नसलेल्या माणसाला मात्र त्याच वाटेवर एकामागून एक प्रश्न सोडवावे लागतात. पुढच्या पावलाखाली जमीन सपाट आहे का? कपाळाच्या उंचीवर काही लोंबते आहे का? वळण आले की अजून पुढे आहे? थांबा नेमका कुठे? समोर थांबलेली बस कितव्या नंबरची, आणि तिचे दार कुठे?

गेली साठ वर्षे जगभरचे संशोधक या प्रश्नांची उत्तरे अंगावर घालता येतील अशा वस्तूंमधून देऊ पाहत आहेत. त्यांनी चष्मे केले, कंबरपट्टे केले, मनगटी पट्ट्या केल्या, बुटांचे तळवेही केले. दरवर्षी एखादे नवे उपकरण बातम्यांत येते, 'आता काठीची गरज नाही' असा मथळा लागतो, आणि कुणा दृष्टिबाधित मुलाच्या घरी आशा जागी होते. ही आशा मोलाची आहे, म्हणूनच तिला नीट माहिती मिळायला हवी. कोणते उपकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, ते कितपत खरे ठरले आहे, आणि ते सुभानपुऱ्यासारख्या भागात चालेल का, याचा हा आढावा. तो घेताना एक कसोटी मी धरली आहे : काठी जिथे संपते तिथून उपकरणाने सुरुवात करावी. काठीचेच काम महागात करून देणारे उपकरण शेवटी कपाटात जाते. काठीला न जमणारे काम करणारे उपकरण रोजच्या वापरात राहते.

काठी काय करते

पांढऱ्या काठीचा इतिहास फार जुना नाही. ब्रिस्टलचे जेम्स बिग्ज यांनी अपघातात दृष्टी गमावल्यावर १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली, म्हणजे वाहनचालकांना ती दुरून दिसेल. १९३०च्या सुमारास अमेरिकेत लायन्स क्लबांनी आणि पॅरिसमध्ये गिली देर्बमों यांनी पांढऱ्या काठीचा प्रसार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठी डावी-उजवीकडे कमानीसारखी फिरवत चालण्याची पद्धत बसवली. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचे टोक उजवीकडे असते, म्हणजे पुढचे पाऊल पडायची जागा आधीच तपासलेली असते. आजही जगभर हीच पद्धत शिकवली जाते.

या काठीला चार्जिंग लागत नाही. ती खड्डा सांगते, पायरी सांगते, डांबर संपून माती लागल्याचे सांगते. तिच्या आवाजाच्या पडसादावरून सराव झालेल्या माणसाला भिंत संपली, गल्ली आली, हे कळते. वर ती रस्त्यावरच्या इतरांनाही सूचना देते. नव्या उपकरणांचे मोजमाप करताना हे सगळे विसरले जाते.

पण काठीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती कमरेच्या खालचे पाहते, वरचे नाही. ती एक-दोन पावलांपुढचे सांगते, त्यापलीकडचे नाही. आणि समोर काहीतरी आहे हे सांगते, ते काय आहे हे सांगत नाही. या तीन पोकळ्या आहेत, आणि आजवरची बहुतेक सगळी उपकरणे यांपैकी एखादी भरायला निघालेली आहेत.

पहिली पोकळी : कमरेच्या वर

बडोद्यात वडाच्या पारंब्या आहेत, कुंपणावरून बाहेर झुकलेल्या बोगनवेली आहेत, दुकानांचे पुढे आलेले पत्रे आहेत आणि टेम्पोच्या मागून बाहेर आलेल्या सळया आहेत. काठी यांच्या खालून निघून जाते आणि मार डोक्याला किंवा चेहऱ्याला बसतो. रॉबर्टो मंडुची आणि श्री कुर्नियावान यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात तीनशेहून अधिक दृष्टिबाधितांना विचारले होते. त्यांतल्या १३ टक्के लोकांना महिन्यातून किमान एकदा डोक्याच्या उंचीवर काहीतरी लागत होते. ती पाहणी परदेशातली आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा धोका कमी असेल असे मानायला काहीच आधार नाही.

या पोकळीसाठी सर्वांत जुना उपाय वटवाघळाचा, म्हणजे प्रतिध्वनीचा. लेस्ली के यांनी १९६०च्या दशकात हातात धरायची अल्ट्रासॉनिक टॉर्च केली आणि पुढे न्यूझीलंडमध्ये तेच तंत्र चष्म्याच्या चौकटीत बसवले. चष्म्यातून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सुटायचा, वस्तूवरून परत यायचा, आणि अंतराप्रमाणे स्वर बदलून दोन्ही कानांत वाजायचा. जे चिकाटीने शिकले त्यांना त्यातून खूप काही कळायचे, पण शिकायला वेळ लागायचा आणि कान सतत व्यापलेले राहायचे.

आपल्या देशात याच तत्त्वावरचे सर्वांत पुढे गेलेले काम दिल्लीच्या आयआयटीतले. प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या असिस्टेक प्रयोगशाळेत ते विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पापासून वाढले. दिल्लीच्या सक्षम ट्रस्टने वापरणाऱ्यांच्या बाजूने साथ दिली, चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने उत्पादन केले, आणि २०१४ मध्ये 'स्मार्टकेन' बाजारात आली. साध्या काठीच्या मुठीवर बसणारे हे उपकरण गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या पट्ट्यातला, तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि मूठ थरथरवून सांगते. थरथर जितकी जलद, अडथळा तितका जवळ. बाजारात आली तेव्हा तिची किंमत सुमारे ३,००० रुपये होती. परदेशी उपकरणे तेव्हा याच्या कित्येक पट महाग होती. अहमदाबादच्या टॉर्चिट या कंपनीचे 'सारथी' उपकरणही काठीला लावता येते आणि थरथरीतून अंतर सांगते. बडोद्याच्या माणसाला दुरुस्तीसाठी शंभरेक किलोमीटरवर कंपनी असणे ही लहान गोष्ट नाही.

हे तंत्र कसे चालते ते समजले की त्याच्या उणिवाही समजतात. तीन मीटरवरच्या वस्तूवरून ध्वनी परत यायला १७-१८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सूचना जवळपास लगेच मिळते. पण वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तिरका असेल तर ध्वनी भलतीकडे परावर्तित होतो. जाड कापड किंवा गोणपाट तो बराचसा शोषून घेते. पातळ तार किंवा सळईवरून परत येणारा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. आणि वर रोखलेला संवेदक पायाखालचा उघडा चेंबर सांगू शकत नाही. म्हणून ही उपकरणे काठीवर बसवलेली असतात, काठीऐवजी दिलेली नसतात. हा निर्णय त्यांच्या कर्त्यांनी विचारपूर्वक घेतला.

महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षे 'स्मार्ट स्टिक', 'स्मार्ट शूज', 'स्मार्ट गॉगल' असे प्रकल्प करतात. बहुतेकांत आर्डुइनोचा छोटा सर्किट-बोर्ड आणि स्वस्तातला अल्ट्रासॉनिक संवेदक असतो. त्यामागची तळमळ खरी असते. पण प्रकल्पाची चाचणी बहुधा महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या मित्रावर होते. पट्टी बांधलेला डोळस माणूस घाबरलेला असतो, त्याला आवाजावरून जागा ओळखायची सवय नसते. त्याला जे उपकरण वरदान वाटते ते वीस वर्षे काठीने फिरणाऱ्या माणसाला निव्वळ गोंगाट वाटू शकते. शोधनिबंधांतही हा दोष वारंवार दाखवला गेला आहे.

त्यामुळे ज्या थोड्या चाचण्या नीट झाल्या त्यांचे मोल अधिक. बोस्टनमध्ये गँग लुओ आणि सहकाऱ्यांनी छातीवर कॅमेरा आणि दोन्ही मनगटांवर थरथरणाऱ्या पट्ट्या असे उपकरण केले. ३१ दृष्टिबाधितांनी ते सुमारे महिनाभर आपापल्या रोजच्या वाटांवर वापरले. सगळे जण आपली काठी किंवा मार्गदर्शक कुत्रा घेऊनच चालत होते. उपकरण कधी सूचना द्यायचे, कधी नुसतेच नोंद करून गप्प राहायचे, आणि हे बदल यदृच्छेने व्हायचे. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सूचना चालू असताना धडका ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. काठी हातात असूनही एवढा फरक पडला, याचा अर्थ ही पोकळी खरी आहे आणि ती भरता येते. हा मला या क्षेत्रातला सर्वांत आश्वासक आकडा वाटतो.

दुसरी पोकळी : दिशा आणि वळण

अडथळा चुकवणे हे एक काम आणि आपण कुठे आहोत हे ठाऊक असणे हे दुसरे. दृष्टिबाधितांच्या प्रशिक्षणात या दोन्हींची जोडी दिशाज्ञान आणि चलनवलन अशी शिकवली जाते. अडथळे चुकवत माणूस सुखरूप चालेल, पण भलत्याच गल्लीत जाईल.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रात जॅक लूमिस यांनी उपग्रहांच्या मदतीने अंध माणसाला वाट दाखवण्याची कल्पना मांडली. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड गोलेज हे भूगोलाचे नामवंत अभ्यासक होते आणि १९८४ मध्ये त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. सुरुवातीला ही यंत्रणा पाठपिशवीत घालून वागवावी लागे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, पुढे स्मार्टफोन आले, आणि पाठपिशवीतले यंत्र खिशात मावले.

मग प्रश्न उरला तो सूचना शरीराला कशी द्यायची. हैदराबादच्या ड्युसेर टेक्नॉलॉजीजचे क्रिस्पियन लॉरेन्स आणि अनिरुद्ध शर्मा यांनी 'ले चल' नावाचे बूट आणि तळवे केले. फोन वाट ठरवतो, डावीकडे वळायचे असेल तेव्हा डावा पाय थरथरतो, उजवीकडे उजवा. कान मोकळे, हात मोकळे. जर्मनीत ऑस्नाब्रुक विद्यापीठातून निघालेल्या फीलस्पेस या कंबरपट्ट्यात उत्तरेकडची बाजू सतत हलकेच थरथरते. जपानमध्ये होंडा कंपनीतून जन्मलेल्या अशिरासे या उपक्रमानेही बुटाला लावायचे थरथरणारे यंत्र आणले. मायक्रोसॉफ्टच्या साउंडस्केप या ॲपने २०१८ पासून वेगळी वाट धरली. पोहोचायच्या ठिकाणाच्या दिशेनेच आवाज येतो आहे असे ते कानांत भासवायचे आणि वाटेत लागणाऱ्या जागांची नावे त्या-त्या बाजूने ऐकवायचे. वळायची आज्ञा न देता आजूबाजूचे भान देणे, हा त्यातला मोठा विचार होता.

या सगळ्यांची मर्यादा एकच आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत अचूक असते. उंच इमारती आणि दाट झाडे असतील तर चूक वाढते. मोटारीला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. सुभानपुऱ्यातल्या गल्लीत पाच मीटर म्हणजे रस्त्याची ही बाजू किंवा ती बाजू, आपले फाटक किंवा शेजारच्या सोसायटीचे. 'तुम्ही पोहोचलात' असे ऐकल्यावर पुढचे दहा मीटर माणूस एकटा पडतो. शिवाय नकाशात मुख्यतः वाहनांचे रस्ते असतात. पायवाट कुठे आहे, ओलांडायची जागा कुठे, पाण्याने कुठला भाग खचला आहे, हे त्यात नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याचे कित्येक रस्ते पाण्याखाली गेले. असा पूर ओसरल्यावरचा रस्ता कुठल्याही नकाशाला ठाऊक नसतो. तिथे पुन्हा काठीच उपयोगी पडते.

तिसरी पोकळी : समोर काय आहे

तिसऱ्या पोकळीचे काम सर्वांत धाडसी विचारापासून सुरू झाले. १९६९ मध्ये पॉल बाख-इ-रिता यांनी एका जुन्या दंतखुर्चीच्या पाठीला ४०० कंपक बसवले आणि कॅमेऱ्यातले चित्र बसणाऱ्याच्या पाठीवर उमटवले. कॅमेरा स्वतःच्या हाताने फिरवता आला की काही काळाने लोकांना वस्तू पाठीवर नव्हे, तर समोर जाणवू लागल्या. पुढे याच विचारातून जिभेवर विद्युतस्पर्शाने चित्र उमटवणारे ब्रेनपोर्ट हे उपकरण आले. नेदरलँड्सचे पीटर मेयर यांनी १९९२ मध्ये चित्राचे ध्वनीत रूपांतर करणारी पद्धत मांडली. वरच्या वस्तूचा स्वर उंच, उजळ वस्तूचा आवाज मोठा, आणि चित्र डावीकडून उजवीकडे सेकंदाला एकदा वाचले जाते. या प्रयोगांनी मेंदूविषयी खूप काही शिकवले. रस्त्यावर ते फार थोड्या जणांनी रुळवले, कारण शिकायला महिने लागतात आणि लक्ष सगळे तिकडेच राहते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा भार उपकरणाकडे नेला. चित्र माणसाने उलगडायचे नाही, उपकरणच बोलून सांगते. इस्रायलच्या ऑरकॅमने चष्म्याच्या दांडीवर बसणारा लहान कॅमेरा आणला, तो पाटी वाचतो, चेहरा ओळखतो. भारतीय वंशाच्या दोन तरुणांनी नेदरलँड्समध्ये उभारलेल्या एनव्हिजन कंपनीने गूगलच्या चष्म्यावर हेच काम केले. बंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजच्या स्मार्ट व्हिजन ग्लासेस वाचन, चेहरा ओळखणे, आजूबाजूच्या वस्तू सांगणे आणि चालताना अडथळा सांगणे अशी कामे करतात. डेन्मार्कमध्ये २०१५ साली सुरू झालेले बी माय आइज हे ॲप आधी डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओवर जोडून द्यायचे. २०२३ पासून त्यात यंत्रही चित्राचे वर्णन करते, आणि आता ही सेवा मेटाच्या रे-बॅन चष्म्यातूनही मिळते. तो चष्मा २०२५ मध्ये भारतात विकायला आला.

या चष्म्यांनी खरेच आयुष्य सोपे होते. औषधाच्या पाकिटावरची तारीख, दुकानाची पाटी, लिफ्टमधले बटण, ही कामे आता कुणाला न विचारता होतात. हे स्वातंत्र्य ज्याने भोगले त्यालाच त्याची किंमत कळते. पण वर्णन करणे आणि रस्ता ओलांडून देणे यांत मोठे अंतर आहे. उत्तर यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात स्कूटर येऊन जाते. शिवाय वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता समोर नसलेली गोष्टही तितक्याच ठाम आवाजात सांगू शकते. म्हणूनच बी माय आइज स्वतःच बजावते की हे पांढऱ्या काठीला पर्याय नाही. पाटी वाचण्यातली चूक सुधारता येते. चौकात मधोमध झालेली चूक सुधारायला वेळ मिळत नाही. उपकरण घेणाऱ्याने ही रेषा मनात पक्की ठेवावी.

याच पोकळीतला एक प्रश्न दिल्लीच्या आयआयटीने फार नेमका पकडला : बस कितव्या नंबरची आणि दार कुठे? त्यांच्या 'ऑनबोर्ड' यंत्रणेत प्रवाशाने हातातल्या छोट्या यंत्राचे बटण दाबले की जवळच्या बस आपला मार्ग क्रमांक कळवतात. हवी ती बस निवडली की तिच्या दाराशी बसवलेला स्पीकर वाजतो आणि त्या आवाजाच्या रोखाने चालत गेले की दार सापडते. मुंबईत बेस्टच्या काही बसवर तिची चाचणी झाली. स्पेनमधल्या मुर्सियात तयार झालेल्या नॅव्हिलेन्सच्या रंगीत चौकोनी खुणा फोनच्या कॅमेऱ्याला दुरूनच, नेम न धरता वाचता येतात. बार्सिलोनाच्या आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतुकीत त्या वापरल्या गेल्या आहेत. या दोन्ही उपायांत अर्धी यंत्रणा माणसाच्या हातात आणि अर्धी शहराच्या अंगावर असते. शेवटच्या दहा मीटरचे उत्तर बहुधा याच दिशेला आहे.

कान आणि भाषा

दृष्टी नसलेल्या माणसाचे कान रिकामे नसतात. वाहन कुठून येते आहे, ते थांबले का, भिंत किती लांब, हे सारे कानांनीच कळते. इअरफोनने कान बंद करणारे उपकरण एक माहिती देताना दहा हिरावून घेते. म्हणून कान मोकळे ठेवून गालाच्या हाडावाटे आवाज पोहोचवणारे हेडफोन बरे, आणि साध्या डाव्या-उजव्या सूचनेसाठी थरथर त्याहून बरी. विजेवरच्या गाड्यांनी कानांचे काम आणखी कठीण केले आहे. युरोपात नव्या विद्युत मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही असा नियम असणे आणि त्यात ई-रिक्षा व दुचाक्या धरणे अगत्याचे आहे, कारण गल्लीबोळांत भेटतात त्या याच.

बडोद्यातल्या मराठी घरात आणखी एक अडचण असते. घरची भाषा मराठी, रस्त्यावरच्या पाट्या आणि बसवरची अक्षरे गुजराती, आणि उपकरणाचा आवाज इंग्रजी. फोनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाला आता मराठी आणि गुजराती दोन्ही येतात. पण चष्म्यांच्या सूचना, पुस्तिका आणि मदतकेंद्र बहुतेक वेळा इंग्रजीतच असतात. ज्येष्ठ वयात मधुमेहाने किंवा काचबिंदूने दृष्टी गेलेल्या आजींना वळण घेताना परक्या उच्चारातले इंग्रजी ऐकून क्षणात निर्णय घेता येणार नाही. खरेदीआधी 'हे गुजराती पाटी वाचून मराठीत सांगेल का' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उपकरण टिकते किती

उपकरणाचे आयुष्य त्याच्या कंपनीच्या आयुष्याशी बांधलेले असते. आर्गस-२ या कृत्रिम दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी करून घेतली. कंपनीने २०१९ मध्ये ते बनवणे थांबवले आणि डोळ्यांत बसवलेली यंत्रे दुरुस्तीवाचून उरली. गूगलने २०२३ मध्ये आपल्या चष्म्याची विक्री बंद केली, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या एनव्हिजनला दुसरी चौकट शोधावी लागली. साउंडस्केप मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी बंद केले, पण जाताना त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे इतरांनी ते पुन्हा उभे केले आणि वापरणारे उघड्यावर पडले नाहीत. सरकारी पैशातून जे उपकरण घेतले जाईल त्याची आज्ञावली खुली असावी किंवा कंपनी बंद पडल्यास खुली होईल अशी अट असावी, हा धडा यातून घ्यायला हवा.

केंद्राच्या ॲडिप योजनेतून अल्प उत्पन्नाच्या दिव्यांगांना साधने मिळतात, त्यांत स्मार्टकेनही आहे. शिबिरात वाटप होते, छायाचित्र निघते. प्रश्न त्यानंतर येतो. बॅटरी उतरली तर कुठे जायचे? थरथरीचा अर्थ कोण शिकवणार? साधी काठी नीट शिकायलाही कित्येक आठवडे लागतात. हे शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मुंबईत दादरची अंधशाळा १९०० पासून, नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ पासून, झेवियर्स महाविद्यालयातले केंद्र २००३ पासून, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन १९५२ पासून, आणि अहमदाबादेत, लहानपणीच दृष्टी गेलेल्या जगदीशभाई पटेलांनी उभे केलेले अंधजन मंडळ. अशा संस्थांतल्या प्रशिक्षकाचा पगार उपकरणाच्या किमतीत धरला जात नाही, तोवर वाटलेली उपकरणे कपाटातच राहतील.

रस्त्याची जबाबदारी

कुठलेही उपकरण रस्ता दुरुस्त करत नाही. जपानच्या सेइची मियाके यांनी शोधलेल्या उठावाच्या फरश्या १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. आपल्याकडे त्या बसवल्या जातात, पण मध्येच झाड येते, खांब येतो, लारी उभी राहते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. ती मुदत २०२२ मध्ये संपली. स्वतः दृष्टिबाधित असलेल्या राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की सुगमतेचे निकष नुसते शिफारशी ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पदपथावरून सुरक्षित चालण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. २०११च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक आहे. हा हक्क एवढ्या माणसांचा आहे.

बडोद्याने काय करावे

ज्याला परवडत नाही त्यालाही वस्तू वापरायला देण्याचा वारसा या शहराला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरत, लोक वाचत आणि पेटी पुढच्या गावाला जाई. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला ते वाचायला मिळावे, हा त्यामागचा विचार.

वाटाड्या उपकरणांसाठी हीच व्यवस्था आज सर्वांत योग्य आहे. तीस हजारांचा चष्मा आपल्याला उपयोगी पडेल की नाही हे दुकानात दहा मिनिटांत कळत नाही. शहरातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा संस्थेत स्मार्टकेन, सारथी, थरथरणारा पट्टा, दोन प्रकारचे चष्मे आणि हाडावाटे ऐकू येणारे हेडफोन ठेवावेत. महिनाभर घरी न्यायला द्यावेत, सोबत प्रशिक्षकाच्या काही फेऱ्या द्याव्यात, आणि परत आल्यावर वापरणाऱ्याचे मत मराठी-गुजरातीत लिहून घ्यावे. असे काही शे अनुभव जमले की कोणते उपकरण आपल्या रस्त्यांवर टिकते ते आपल्यालाच कळेल. त्यावरून पुढची सरकारी खरेदी ठरावी, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना खरे प्रश्न मिळावेत.

सोबत सुभानपुऱ्यातली एक वाट निवडावी, सोसायट्यांपासून बसथांब्यापर्यंतची. महानगरपालिकेने ती सलग चालती करावी, झुकलेल्या फांद्या आणि पत्रे हटवून ती सात फूट उंचीपर्यंत मोकळी करावी, थांब्यावर दुरून वाचता येणारी खूण लावावी, आणि सिटी बस चालवणाऱ्या विटकॉसने त्या मार्गावरच्या बसना दाराशी बोलणारा स्पीकर बसवावा. ही वाट ठरवताना आणि तपासताना या भागातल्या दृष्टिबाधित रहिवाशांचा शब्द शेवटचा असावा. यातला कुठलाही खर्च महानगरपालिकेला न पेलणारा नाही. तंत्र तयार आहे, कायदा झाला आहे, काठीच्या पुढे काय हवे तेही माहीत आहे. आता एका वाटेपासून काम सुरू करण्याची जबाबदारी शहराची आहे.